उशिरा वाळणारी शाई

शाई घ्यायला गेलं की शिक्केवाला आधी एकच प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाने दर वेळी माझं डोकं फिरतं.

"कशावर मारायचाय शिक्का?"

"कागदावर. अजून कशावर? कपाळावर?"

"तसं नव्हे हो दातवाले. कागद कुठला, ते विचारतोय."

तो मला दातवाले म्हणतो, कारण मी कवळ्या बनवतो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन माझ्याकडे पाठवतात. मी माझ्या खोलीत बसून मेणात एकेक दात लावतो, कवळी तयार झाली की घासतो, चकाकवतो आणि डबीत घालून परत पाठवून देतो. ती घालून तो माणूस हसला की मला शिव्या दिल्या, ते मला कधीच कळत नाही. इतकी वर्षं माझं काम लोकांच्या तोंडात आहे आणि रस्त्यात एक माणूस मला ओळखत नाही. धंदाच तसा आहे, त्याला कोण काय करणार.

शिक्केवाल्याचं दुकान दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरतं. भिंतीवर कंपन्यांचे गोल शिक्के, तारखेची चाकं फिरवायचे शिक्के, आणि काउंटरमागे हा. बोटं कायम जांभळी. त्याने माझ्यापुढे दोन हिरवी पॅड ठेवली.

"ही पातळ शाई. मारली की लगेच वाळते. पण कागदात पसरते आणि काही दिवसांनी फिकी पडते. ही दुसरी दाट. ही पाण्याला, उन्हाला दाद देत नाही. पण वाळायला वेळ खाते. आणि गुळगुळीत कागदावर तर विचारूच नका."

"मला टिकणारी हवी."

"किती दिवस टिकायला हवी?"

मी पॅडचं झाकण उघडलं, मिटलं. मग म्हणालो, "जिच्यासाठी हवी ती कधी येईल ते माहीत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. तेवढी समज आहे त्याला. दाट शाईचं पॅड कागदात गुंडाळताना म्हणाला, "पॅड उलटं ठेवा, म्हणजे शाई वरच्या अंगाला राहते. आणि शिक्का मारल्यावर वही लगेच मिटू नका. चांगली दिवसभर उघडी ठेवा."

"कळतं मला," मी म्हणालो. मी काय आज पहिल्यांदा शिक्का मारत होतो?

मी शिक्के मारतो ते खेळ म्हणून. लेटरबॉक्सिंग म्हणतात त्याला. आम्ही घरात डब्यांचा खेळ म्हणायचो. कुणीतरी बाहेर कुठेतरी एक डबा लपवून ठेवतं, झाडाच्या ढोलीत, नाहीतर एखाद्या सैल दगडामागे. डब्यात हाताने कोरलेला एक रबरी शिक्का आणि एक वही. डबा कुठे आहे त्याचं कोडं खेळाच्या वेबसाइटवर टाकायचं. बाकीच्यांनी ते सोडवत चालत जायचं, डबा शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का त्याच्या वहीत मारायचा आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. शाई ज्याची त्याने न्यायची. खेळणारी माणसं एकमेकांना सहसा भेटत नाहीत, ठसे तेवढे भेटतात. प्रत्येकाला टोपणनाव असतं. माझं दाढ. माझ्या मुलीचं खारूताई.

तिची आई गेली तेव्हा ती शाळेत होती. बाकीचे वार कसेबसे निघून जायचे, पण रविवार अंगावर यायचा. दोघं घरात समोरासमोर बसून घड्याळाकडे बघायचो. अशात एका दवाखान्यात पडलेल्या जुन्या मासिकात मला हा खेळ सापडला आणि मी रबराचा तुकडा घेऊन कोरायला बसलो. दात कोरणारा हात, त्याला रबर काय जड जाणार, असं मला वाटलं.

कागदावर खार काढली. उजवीकडे बघणारी, हातात बी धरलेली. आणि अगदी तश्शीच रबरावर कोरली. शिक्का मारला तर खार डावीकडे बघायला लागली. उभा जन्म साचे ओतण्यात घालवलेल्या माणसाला शिक्का उलटा कोरायचा असतो एवढं सुचू नये. वर शेपटी कोरताना सुरी घसरली आणि शेपटीत एक खाच पडली. आता ही भोकाड पसरणार म्हणून मी तयारीत बसलो. तिने ठसा हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "हिला कुणीतरी चावलंय. पण ही निसटली."

मग नवा शिक्का करायचा विषयच संपला. घरात तेव्हा हिरवं पॅड होतं, म्हणून खार हिरवी. पुढे मी हौसेने तपकिरी शाई आणली तर बाईसाहेबांनी नाक मुरडलं. घाई तर इतकी की ठसा ओला असतानाच वही मिटायला बघायची. मी वही उघडी धरून फुंकर मारत बसायचो आणि ती या पायावरून त्या पायावर नाचत विचारायची, "वाळला? आता वाळला?"

आता ती दुसऱ्या शहरात असते. नवरा, नोकरी, घराचे हप्ते, सगळं जागच्या जागी. बसने सकाळी निघालं तर दुपारी पोचतो, इतकंच अंतर, पण दोघांनाही ते हल्ली लांब पडतं. रविवारी फोन येतो. जेवलास का, गोळ्या घेतल्यास का, गुडघा काय म्हणतो. मी म्हणतो, मस्त. मग मी विचारतो, ती म्हणते, मस्त. दोन्हीकडे इतकं मस्त चाललेलं असलं की बोलायला काही उरत नाही. फोन ठेवला की घर आणखी मोठं वाटतं.

खेळाबद्दल ती कधी बोलत नाही आणि मी विचारत नाही. विचारलं आणि ती "कुठला खेळ?" म्हणाली तर मी काय करू? पण ती ती वेबसाइट अजून उघडते का, एवढं मला कळायला हवं होतं. त्यावाचून माझ्या जिवाला चैन नव्हतं. तोंडाने विचारायची हिंमत नाही, म्हणून मी डबा ठेवायचं ठरवलं.

जागा ठरलेलीच होती. बागेच्या मागे कालव्यावर एक जुना दगडी पूल आहे. पुलाच्या बाजूने पाण्याकडे पायऱ्या उतरतात आणि त्या पायऱ्यांशेजारच्या भिंतीत एक दगड सैल आहे. आम्हाला सापडलेला पहिला डबा त्या दगडामागे होता. तो डबा केव्हाच नाहीसा झाला, दगड अजून हलतो. कोड्यात मी लिहिलं, 'चावलेली खार जिथे पहिल्यांदा उतरली, तिथे पाण्याच्या बाजूला हात घाल.' हे कळणारं माणूस जगात एकच होतं.

डब्यासाठी मी दुसरी खार कोरली. जुनंच चित्र, पण या वेळी शहाण्यासारखी उलटी कोरली, म्हणजे ठसा उजवीकडे बघणार. हिच्या हातातल्या बीवर एक बारीक फुली घातली, उगाच, हौस म्हणून. वहीच्या डाव्या पानावर ही खार मारायची आणि उजवं पान कोरं ठेवायचं. ती आली आणि तिने तिची खार त्या पानावर मारली की दोघी एकमेकींकडे बघणार, असा सगळा बेत. वही चांगली जाड, गुळगुळीत पानांची घेतली. शिक्केवाल्याचं बोलणं कानावर पडलेलं होतं, पण मुलीसाठी ठेवायची वही हलक्या कागदाची घ्यायला मन होईना. हिरवं पॅडही डब्यात ठेवलं. तिच्याकडे आता पॅड कुठलं असायला?

रविवारी सकाळी शिक्का मारला. झकास उठला. फुंकर मारली, कडेला बोट लावून बघितलं, बोट कोरडं आलं. दिवसभर वाट बघणं माझ्याच्याने होईना. वही मिटली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळली, वर रबरबँड लावला आणि डबा जाऊन ठेवून आलो.

मग रोज काम संपलं की वेबसाइट उघडायची. डबा सापडला की लोक तिथे नोंद करतात. माझ्या डब्याखाली एक अक्षर नाही. आमच्या भागात खेळणारे आता उरलेत तरी कोण म्हणा. एका संध्याकाळी मात्र राहवेना. हातातली कवळी तशीच टेबलावर टाकली आणि गुडघ्याला समजावत पायऱ्या उतरलो.

वही उघडली. उजव्या पानावर खार होती.

पुसट होती, पण होती. हिरवी, डावीकडे बघणारी. चष्मा टेबलावर राहिला होता आणि उजेडही कमी होता, तरी खार ओळखायला मला चष्मा कशाला हवा? शिक्का ती कायम हलकाच दाबायची. मी तिथेच पायरीवर बसलो. डोळे भरून आले, आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून पुसलेही नाहीत. ती येऊन गेली होती. ती अजून बघत होती. रविवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी फोन लावला.

"येऊन जातेस आणि बापाला तोंडही दाखवत नाहीस?"

"काय झालं, बाबा?"

"बघितली मी. पुलाजवळ. डब्यात. उजव्या पानावर तुझी खार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अच्छा, ते होय," ती म्हणाली. "सरप्राइज द्यायचं होतं तुला. ऑफिसच्या कामाने आले होते रे, घाईत होते. म्हणून घरी नाही आले."

"असू दे गं. आलीस, त्यात सगळं आलं."

पुढचे काही दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. मेण वितळवताना शीळ घालत होतो. शिक्केवाल्याकडे काही काम नसताना गेलो.

"वाळली का शाई?" त्याने विचारलं.

"शाईचं काय घेऊन बसलात? मुलगी येऊन गेली."

त्याने कुठूनसं एक खडीसाखरेचं पाकीट काढलं आणि खडा माझ्या हातावर ठेवला. खडा जांभळा झाला होता, तरी मी तो खाल्ला.

नंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा गेलो, या वेळी चष्मा आणि कामाचं भिंग घेऊन. तिचं रबर जुनं झालंय, चिरा पडल्या असतील, ठशावरून कळेल आणि डागडुजी करून देता येईल, एवढ्याच विचाराने. शेपटीवर भिंग धरलं. खाच नव्हती.

शेपटी अखंड होती. मग बी बघितलं. बीवर बारीक फुली होती.

एका दाताच्या झिजेवरून माणूस कुठल्या बाजूने चावतो ते मी सांगतो, आणि माझ्याच हातची फुली मला ओळखू आली नाही. ओळखायचीच नसावी. ती माझी खार होती. ओल्या शाईची, गुळगुळीत पानावरची, वही मिटल्यावर समोरच्या पानाला चिकटलेली आणि चिकटताना उलटी झालेली. कुणीही आलं नव्हतं. इतके दिवस मी माझ्याच शिक्क्याच्या डागावर नाचत होतो.

आधी शिक्केवाल्याचा राग आला, त्याने बजावून सांगितलं होतं म्हणून. मग स्वतःचा आला. आणि मग फोन आठवला. 'सरप्राइज द्यायचं होतं तुला.' तिला त्या क्षणी डब्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तरी ती सरळ खोटं बोलली होती. माझ्या आवाजात तिने काय ऐकलं असेल, म्हणजे असं बोलावं लागलं? मुलगी आली नाही हे मी सोसलं असतं. तिला माझी कीव आली, ते सोसवेना.

मी वही मिटली आणि डबा जागेवर ठेवला. कुणाला काही बोललो नाही. शिक्केवाल्याच्या दुकानासमोरून जायचं टाळायला लागलो आणि दूधसुद्धा लांबच्या दुकानातून आणलं.

रविवारी फोन आला. जेवण, गोळ्या, गुडघा, सगळं मस्त. मग ती जरा अडखळली.

"बाबा, तुझं ते कोडं भारी होतं. पाण्याच्या बाजूला हात घाल. म्हणजे पायऱ्यांच्या डावीकडेच ना?"

जी येऊन गेली तिने हे कशाला विचारावं? पण मी तसं दाखवलं नाही.

"उतरताना डावीकडे. तुला माहीतच आहे."

"हो, माहीतच आहे. असंच विचारलं. आणि माझी खार उजव्या पानावर आहे ना? नीट उठलीय?"

"छान उठलीय."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मी हातात फोन घेऊन बसून राहिलो. खोटं बोलणाऱ्याने निदान इतके प्रश्न विचारू नयेत, असं मला वाटलं.

मधल्या वारी दुपारी मी डब्याकडे गेलो ते सगळं आवरायला. लगेच वाळणाऱ्या शाईचं पॅड आणि साध्या कागदाची वही घेतली होती. यापुढे आपल्या डब्यात आपलीच फसवणूक नको. पूल रिकामा होता. एक कुत्रं पायरीवर झोपलं होतं, ते उठलं नाही. मी दगड सरकवला, डबा काढला. रबरबँड दोन वेढे घालून लावला होता. मी एकच घालतो.

वही उघडली तर पानांच्या मध्ये टिश्यू पेपर घडी करून ठेवलेला. तो उचलला. उजव्या पानावर, त्या पुसट डागाच्या नेमकी वर, गडद हिरवी खार बसली होती. डावीकडे बघणारी. डाग तिच्या मागून थोडा बाहेर दिसत होता. शेपटीत खाच होती.

मी खाचेवर बोट टेकवलं. बोट हिरवं झालं.

या कागदावर ही शाई वाळत नाही हे खरं, पण इतकी ओली म्हणजे ती आत्ताच इथे होती. मी जेवून ताट धूत होतो तेव्हा ती या पायऱ्या उतरत असेल. सकाळची बस पकडून, ऑफिसला रजा टाकून, कुठल्यातरी खोक्यातून तो जुना शिक्का शोधून काढून ती आली होती. आपलं खोटं खरं करायला. ओल्या ठशावर टिश्यू ठेवायची अक्कलही तिला आली होती. आणि आता ती गुपचूप परत निघाली होती, कारण घरी आली असती तर आधी आलेच नव्हते हे तोंडाने सांगावं लागलं असतं. मूर्ख पोरगी. अगदी बापावर गेलीय.

बसस्टँड इथून लांब नाही, पण माझ्या गुडघ्याला लांब आहे. मी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"ऑफिसात, बाबा. या वेळी कुठे असणार? का रे?"

तिच्यामागे कुणीतरी बस मागे घेताना शिट्टी वाजवत होतं. मी ती शिट्टी ऐकली. अजूनही 'मस्त' म्हणून फोन ठेवता आला असता. आमची ती सवयच होती.

"शाई अजून ओली आहे गं," मी म्हणालो.

शिट्टी थांबली. तिने फोन ठेवला असं वाटून मी कानाला आणखी घट्ट लावला.

"कुठली वापरलीस?" तिने विचारलं. आवाज वेगळाच झाला होता.

"दाट. टिकणारी."

"या असल्या गुळगुळीत कागदावर?"

"हो."

"तुला कुणी सांगितलं नाही, बाबा?"

"सांगितलं होतं."

ती हसली की रडली ते मला कळलं नाही. मग नाक ओढून म्हणाली, "वही मिटू नकोस आता. तशीच उघडी धरून बस. मी येते."

मी पायरीवर बसलो. वही गुडघ्यांवर उघडी धरली. डाव्या पानावर माझी खार, उजव्या पानावर तिची, दोघी एकमेकींकडे बघत होत्या. सवयीने मी फुंकर मारायला तोंड पुढे केलं आणि थांबलो. वाळायची आता मला काही घाई नव्हती.